मुचानेताला हाक

कुत्र्याला नाव ठेवताना आमच्याकडं कुत्र्याचा विचार कुणी करत नाही, शेजाऱ्याचा करतात. ज्याला तोंडावर बोलायची सोय नाही त्याला ऐकू जाईल असं नाव ठेवायचं, आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ अंगणाच्या कडेला उभं राहून कुत्र्याला हाक मारायची. भांडण नको, तंटा नको, गावप्रमुखापुढं जाऊन बसायला नको. विचारलंच कुणी, तर म्हणायचं, मी माझ्या कुत्र्याला बोलावतेय बाई, तुला का झोंबतंय?

माझ्या कुत्रीचं नाव मुचानेता. म्हणजे, दमाल तुम्ही.

यातले 'तुम्ही' म्हणजे माझी तेते. तेते म्हणजे नवऱ्याची बहीण, आणि तिच्यापुढं भावजयीनं आवाज चढवायचा नसतो. गुडघे टेकायचे, ओंजळ करून हलकी टाळी वाजवायची, मान खाली. माझ्या तेतेचं नाव मायदेय. ओढ्यापलीकडच्या उंचवट्यावर तिचं घर. इकडून खणखणीत हाक मारली तर तिकडं चुलीपाशी बसलेल्या माणसाला ऐकू जाते, एवढंच अंतर.

माझा नवरा शोराय चौदा वर्षांपूर्वी गेला. जोहान्सबर्गकडं खाणीत होता. छाती धरली, आणि परत आला तो आडवाच. माती झाल्यावर रीतीप्रमाणं त्याचे कपडे वाटायला काढले. वाटायचा मान तेतेचा. शर्ट या पुतण्याला, बूट त्या चुलतभावाला, असं चाललेलं. मी भिंतीशी चटईवर बसले होते. मला त्यातला फक्त एक कोट हवा होता. तपकिरी, जाड, कोपरांवर चामड्याचे तुकडे लावलेला. शोराय पहिल्यांदा माझ्या माहेरी आला ना, तो कोट घालूनच आला होता, आणि उन्हानं नुसता घामाघूम झाला होता, पण काढेल तर शपथ. तेतेनं तो कोट उचलला, माझ्याकडं बघितलं आणि चाळीस माणसांत म्हणाली, "हिला कशाला कोट? वर्ष सरायच्या आत दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढवील."

लोक हसले. तेतेनं कोट आपल्याच खांद्यावर टाकला आणि पुढची पँट उचलली.

मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची. पोटी एकच मुलगी, कुंदाय, बारा वर्षांची. मी रडले नाही, बोलले नाही. महिन्याभरानं एक पिल्लू आणलं आणि नाव ठेवलं मुचानेता. बघा म्हटलं वाट. माझ्या दारात दुसरा पुरुष कधी येतो याची वाट बघून बघून दमाल तुम्ही.

आणि मारल्या हाका. अहो, कुत्री पायाशी बसलेली असायची तरी मारायची मी हाक. उजाडताना एक, दिवस कलताना एक. गाव कान टवकारून होतं, की आता मायदेय काय कुत्रं आणते आणि काय नाव ठेवते. सहा महिने गेले, वर्ष गेलं. तिनं कुत्रं पाळलंच नाही. ओढ्यापलीकडून उत्तर आलं नाही. हरली, म्हटलं. लग्नात, मयतात गाठ पडली की मी गुडघे टेकून टाळी वाजवायची, ती मान हलवायची. रीत सोडली नाही मी. पण रीतीपलीकडं एक शब्द नाही, आणि तिच्या अंगणात पाऊल नाही. चौदा वर्षं. दुसरा पुरुषही आला नाही, येतो म्हणणारा एक होता, त्याला मी दारात उभं केलं नाही. खरं सांगू? माणूस वाईट नव्हता. पण मग तेते जिंकली असती.

तर या जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन थंडीत, मुचानेताच्या पोटाखाली गाठ आली. आधी लिंबाएवढी, मग मुठीएवढी. कान तर दोन वर्षांपूर्वीच गेले होते, मोठ्यानं ओरडलं तरच थोडं कळायचं. आता खाणंही गेलं. गोचिडी मारायला गुरांना औषधाच्या हौदात बुडवायचा दिवस होता, तेव्हा मी हौदावरच्या ग्वातिझोला म्हटलं, जरा येऊन बघून जा. हा ग्वातिझो सरकारी माणूस, जनावरांचं त्याला कळतं, आणि जीभ म्हणजे नुसता चाबूक.

त्यानं गाठ दाबून बघितली, हात पँटला पुसले. "पंधरा दिवस," म्हणाला. "फार तर. सुई देऊन झोपवू का?"

"नको."

"मग कशाला बोलावलंत कुंदायच्या आई? मी काय मंत्र घालू?"

"किती दिवस ते कळायला हवं होतं."

"कुत्रीचे दिवस मोजताय!" तो सायकलवर बसत म्हणाला. "माझी बायको माझे मोजत नाही."

रात्रपाळी संपली की कुंदायचा फोन येतो. ती इंग्लंडमध्ये आहे, म्हाताऱ्यांच्या घरात काम करते. परक्यांच्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालते, भरवते, आणि आईला फोन करून म्हणते, जेवलीस का? मी तिला सांगितलं मुचानेताचं. ती म्हणाली, "आई, इथं लोक यादी करतात."

"कसली? कपडे वाटायची?"

"कुत्र्याला कसले कपडे, आई! तिला आयुष्यात जे जे आवडलं ते शेवटच्या दिवसांत सगळं करून द्यायचं, त्याची यादी. चांगलंचुंगलं खायला घालायचं. गाडीतून फिरवून आणायचं. पायाचा ठसा घ्यायचा. फोटो काढायचे. आइस्क्रीम द्यायचं."

"आइस्क्रीम तिकडं गुटू गावच्या दुकानात मिळतं. बसमधून इथवर येईस्तोवर त्याचं सार होईल. आणि गाडी कुठली, तुझ्या बापाची?"

"हसू नकोस ना. मी बारा तास उभी होते." तिचा आवाज बारीक झाला. "बाबा गेले तेव्हा ती माझ्या पायाशी झोपायची. मला येता येत नाही. तू कर. माझ्यासाठी कर."

आता पोरगीच असं बोलल्यावर काय करता? आणि मलाही वाटत होतंच की. फक्त वाटतं असं म्हणायची आपल्याला लाज. कुत्रं म्हणजे राखण करणारं जनावर. बबून माकडं मक्यात शिरली की त्यांच्यावर सोडायचं, उरलासुरला साद्झा, म्हणजे मक्याच्या पिठाचा गोळा, घालायचा, मेलं की कुंपणापलीकडं पुरायचं. माझी सासू वरून बघत असेल तर डोक्याला हात लावून बसली असेल.

मी कोंबडी कापली. कुत्रीसाठी, होय. शेंगदाण्याच्या रश्श्यात शिजवली, निवू दिली, हाडं काढली आणि ताटली तिच्यापुढं ठेवली. मुचानेतानं वास घेतला. माझ्याकडं बघितलं. मग कशीबशी उठली, मागचे पाय ओढत अंगण ओलांडलं आणि ओढ्याच्या वाटेला लागली.

ती कुठं निघाली ते मला ठाऊक होतं. किती वर्षं दुपार झाली की ती ओढा ओलांडायची आणि मिश्या पांढऱ्या करून परत यायची. तेतेकडं गाय आहे, माझ्याकडं नाही. चोरून दूध पिते म्हटलं, पिऊ दे. तेवढंच तेतेचं नुकसान. चाळीस माणसांत मला बोललीस ना, घे.

पण आता तिला ओढ्यात उतरायलाच अर्धा तास लागला. वाळूत बसली, उठली, पुन्हा बसली. मी काठावरून बघत होते. ही तिकडं जाऊन मेली तर? तेतेच्या अंगणात? गाव काय म्हणेल? म्हणेल, चौदा वर्षं पोसलं, कोंबडी कापून घातली आणि मरताना कुत्रीसुद्धा हिला सोडून मायदेयच्या दारात गेली. आणि तिथून तिला उचलून आणायला मला जावं लागेल. तेतेच्या अंगणात, तिच्या परवानगीनं. नाही. ते जमणार नाही.

मी ओढ्यात उतरले, तिला उचलून आणलं आणि गुरांच्या दाव्यानं खांबाला बांधलं. जन्मात कधी न बांधलेली कुत्री.

तीन दिवस बांधून ठेवली. सगळं केलं हो मी. ऊन आलं की पोतं उन्हात सरकवायचं, गेलं की सावलीत. सुकी मासळी तळून घातली, अंडं घातलं, पाण्यात साखर घातली. यादीतलं जेवढं जमेल तेवढं केलं. ती ओरडली नाही, दावं चावलं नाही. ओढ्याकडं तोंड करून पडून राहिली. घास तोंडाशी नेला की मान वळवायची. माझी कंबर मोडली होती, डोळ्यात झोप नव्हती, तिसऱ्या दिवशी तर मी तिला चक्क शिव्या दिल्या. खा की ग मेले, म्हटलं, कुणासाठी करतेय मी हे? तिनं शेपूट एकदा हलवलं, माझं मन राखायला हलवावं तसं.

चौथ्या दिवशी सकाळी कुंदाय म्हणाली, "दाखव ना मला ती." मी फोन कुत्रीपुढं धरला.

"आई, ते दावं आहे का?"

"तिकडं जायची सवय लागलीये तिला. मोडायला नको?"

"आठ दिवसांची सोबती ती. तिची सवय मोडतेस?"

मी फोन खांबाकडून फिरवला.

"तेतेकडंच जाते ना? मला ठाऊक आहे. इंग्लंडला यायच्या आधी बघायची ना मी. तेते तिला ताटलीत दूध द्यायची."

"द्यायची? चोरून पीत नव्हती?"

"कुत्रं ताटलीतून चोरून पितं का ग आई?" ती दमून हसली. "यादीत सगळ्यात वर काय असतं माहितीये? जिथं तिला सगळ्यात आवडतं तिथं घेऊन जा. मला झोप येतेय. तुला हवं ते कर."

फोन ठेवला आणि मी पायरीवर बसले. राग तर इतका आला होता. पोरीचा, तेतेचा, कुत्रीचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. त्रेसष्ट वर्षांची बाई, एका मरणाऱ्या जनावराला खांबाला बांधून बसलेय, का, तर गाव काय म्हणेल. गावाला तेवढीच कामं आहेत का? आणि दमाल दमाल असं चौदा वर्षं जिला म्हणत आले, तिचं मला माहीत नाही, पण मी दमले होते. अगदी खरं सांगते. हाडापर्यंत दमले होते.

मी दावं सोडलं. शेण वाहायची एकचाकी ढकलगाडी धुतली, त्यात पोतं घातलं, पोत्यावर मुचानेता. झालं, गाडीतून फिरणंही झालं.

ओढ्यातल्या वाळूत चाक रुतत होतं. पलीकडच्या वाटेवर नेमका ग्वातिझो. सायकलवरून उतरला आणि बघतच राहिला.

"कुंदायच्या आई! ही कुठली वरात?"

"नवरीला सासरी घालवतेय. धर पुढून, नुसते दात काढू नकोस."

त्यानं पुढून उचललं, चढ चढवून दिला आणि मग बघितलं वाट कुणाकडं जाते ते. त्याचं हसू गेलं. "मायदेयकडं?" एवढंच म्हणाला, आणि सायकल धरून तिथंच उभा राहिला. म्हणजे दुपारपर्यंत गावभर होणार हे पक्कं झालं.

तेतेच्या अंगणाच्या कडेला मी गाडी टेकवली आणि टाळी वाजवली. "येऊ का?" माझा आवाज मलाच परका वाटला.

ती घराच्या भिंतीशी उन्हात बसली होती. मयताच्या गर्दीत माणूस नीट दिसत नाही. इथं दिसली. केवढीशी झाली होती. गुडघे सुजलेले, हात काठीवर, आणि अंगात तो तपकिरी कोट. कोपरांवरचं चामडं फाटून लोंबत होतं. शेजारी पायरीवर निळ्या काठाची एक ताटली, घासून उपडी घातलेली.

"ये," ती म्हणाली. मी गुडघे टेकले, टाळी वाजवली, तब्येत विचारली, तिनं माझी विचारली. रीत संपली. मग ती गाडीकडं बघून म्हणाली, "चार दिवस आली नाही. मला वाटलं गेली. विचारणार कुणाला?"

मी मान खाली घातली. मी बांधली होती, हे मला सांगता आलं नाही.

मुचानेतानं वास घेतला असणार. गाडीतच धडपडायला लागली. मी तिला उचलून तेतेपुढं ठेवलं आणि पुन्हा गुडघे टेकले. तेते पुढं वाकली, दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं आणि तिच्या कानापाशी ओठ नेऊन अगदी हळू म्हणाली, "न्दानेता. आलीस?"

ऐकू गेलं की नुसता श्वास कळला कोण जाणे, कुत्रीची शेपटी जमिनीवर आपटायला लागली. माझ्या अंगणात इतक्या दिवसांत एवढी हलली नव्हती.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"हाक मारली कुत्रीला."

"तिचं नाव ते नाही, तेते."

"तुझ्या अंगणात नाही." तिनं ताटली सुलटी केली, गाडग्यातलं आंबट दूध त्यात ओतलं. "माझ्या अंगणात हेच आहे."

न्दानेता. म्हणजे, दमले मी.

मी गुडघ्यांवरच होते. उठायचं विसरले. कुत्री दूध पीत होती, चार दिवसांत पाण्यापलीकडं काही न घेतलेली कुत्री, लपलप आवाज करत पीत होती, आणि मी त्या आवाजाकडं कान देऊन बसले होते.

"कधीपासून?" मी म्हटलं.

"सहा पावसाळे झाले. पोरगा बायकोला घेऊन हरारेला गेला त्या वर्षी. ही एक दिवस आली, बसली इथं. घरात आवाज नव्हता कुणाचा. नाव तर द्यायला हवं. तुझ्या नावानं कशी बोलावू? स्वतःला शिवी देऊ?"

"मग मोठ्यानं का नाही मारलीत हाक? एकदा तरी? मला ऐकू आली असती."

तेते माझ्याकडं बघत राहिली. "तू सकाळ-संध्याकाळ ओरडतेस, दमाल, दमाल. त्यावर मी इथं उभी राहून ओरडू, दमले बाई, दमले? तोंड होतं मला?"

कुत्र्याचं नाव मोठ्यानं हाक मारायला ठेवतात. तेतेनं ते कुजबुजायला ठेवलं होतं. उत्तर सहा वर्षांपूर्वीच आलं होतं, आणि मी इकडं अंगणात उभी राहून घसा फोडत होते. मला तिचा राग यायला हवा होता. तो येईना, आणि त्यानं मला कसंतरीच झालं, रिकामं रिकामं.

त्यानंतर रोज दुपारी मी गाडी ढकलत न्यायची. आठ दिवस. आम्ही फार बोललो नाही हो, खोटं कशाला सांगू. ती तिच्या गुडघ्यांचं सांगायची, मी माझ्या कंबरेचं. ती म्हणायची, कुंदाय जाड झाली का? मी म्हणायचे, तिकडं सगळेच होतात. बाकी वेळ दोघी भिंतीला टेकून उन्हात बसायचो, मधे कुत्री. एकदा तेते अंगण सारवत होती आणि मुचानेता ओल्या शेणावरून तशीच चालत गेली. मी हाकलायला उठले. "राहू दे," तेते म्हणाली. "ठसा हवा होता ना तुझ्या पोरीला?" वाळल्यावर मी त्याचा फोटो काढला. कुंदायनं उलट फोटो पाठवला, डोळे सुजलेला.

कोटाचा विषय निघाला नाही. दोनदा माझ्या तोंडाशी आलं. समोरच तर होता, तिच्या अंगात, बाहीला दुधाचे डाग. आडवं ऊन पडलं की तेते तो काढायची आणि कुत्रीच्या अंगाखाली सारायची. मी बघायचे, आणि तिकडून मान फिरवायचे. चौदा वर्षं ज्याच्यासाठी जळले त्यावर माझीच कुत्री झोपत होती. हिला कशाला कोट, असं तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

नवव्या दिवशी उजाडताना मी चुलीपाशी गेले. मुचानेता राखेजवळ पोत्यावर होती, नाक पुढच्या पायांत, नेहमीसारखी. मी पीठ घेतलं, पाणी ठेवलं, काटकी सरकवताना हात तिच्या पाठीला लागला, आणि कळलं.

मी पाणी खाली उतरवलं. बाहेर आले. मक्याच्या खुंटांवर दवाचं पांढरं पडलं होतं, थंडी अशी की बोटं वळेनात. अंगावर एक कापड, पायात काही नाही. ओढ्यापलीकडं तेतेच्या चुलीचा धूर दिसत होता. तिच्याकडं फोन नाही. तिला कळवायला हवं होतं, आणि कुत्रीला एकटी टाकून ओढा उतरून जाववेना.

अंगणाच्या कडेला ठरलेल्या जागी जाऊन उभी राहिले. तोंड उघडलं. मु, एवढंच तोंडात आलं आणि तिथंच थांबलं. चौदा वर्षांची सवय, पण नाही निघालं. कुणाला म्हणणार होते मी, दमाल म्हणून? कोण उरलं होतं दमायचं?

मग मी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि होता नव्हता तेवढा दम लावून हाक मारली.

"न्दानेता!"

धूर तसाच वर जात होता. मी पुन्हा मारली. "न्दानेता!" तिसऱ्यांदा आवाज फाटला. सगळ्या गावानं ऐकली असणार. ऐकू दे. दमलेय मी, दमलेय, घ्या ऐकून.

तेते दारात आली. कपाळावर हात धरून इकडं बघितलं. मग आत गेली. मला वाटलं, नाही कळलं तिला. पण ती परत बाहेर आली ती खांद्यावर कुदळ टाकून. काठी टेकत उंचवटा उतरली. ओढ्यात दिसेनाशी झाली, आणि इतका वेळ दिसली नाही की मी वाटेकडं निघाले होते. तेवढ्यात तिचं डोकं वर आलं, मग तो कोट, मग कुदळ.

माझ्या अंगणाच्या कडेला ती थांबली. कुदळ खाली ठेवली, ओंजळ करून टाळी वाजवली. शोरायला माती दिल्यापासून या अंगणात तिचं पाऊल नव्हतं.

"येऊ का?" ती म्हणाली.

मी गुडघे टेकायला वाकले, तर तिनं माझा दंड धरला. "राहू दे. गार पडलीये जमीन." मला कापरं भरलं होतं, थंडीचं की कशाचं. तिनं ते बघितलं. बटणं नव्हतीच कोटाला, दोरी होती, ती सोडायला तिला वेळ लागला. मग कोट काढला आणि माझ्या खांद्यावर टाकला, आधी एक बाजू, मग दुसरी, आणि पुढून ओढून घेतला, लहान मुलाचा ओढतात तसा.

"चाळीस माणसांत बोलले होते," ती म्हणाली. "आज बघायला कुणी नाही. पण घाल."

कोटाला शोरायचा वास उरला नव्हता. धुराचा होता, आंबट दुधाचा होता आणि कुत्रीचा होता. मी तोंड त्यात खुपसलं आणि रडले. कपडे वाटले त्या दिवशी रडायचं राहिलं होतं, तेही रडले.

तेते थांबली, माझं होईस्तोवर. मग तिनं कुदळ उचलली.

"चल," म्हणाली, "कुठं खणायचं ते दाखव. आधी तू खण, मग मी खणते. माझ्यानं एकटीनं होणार नाही."